घरचा मुक्काम : शिरूर-दौंडच्या वाटेवरील वाहतूकदारांच्या रजेचा इतिहास

१

वाहतुकीचा इतिहास म्हणून आजवर जें लिहिलें गेलें आहे त्यांत घाट, सडका, जकातींचीं ठाणीं, मालाचे प्रकार व भाड्याचे दर यांचा विचार बराच झालेला आढळतो. माल वाहणारा मनुष्य वाटेवर किती दिवस असे, हेंही त्या लेखनावरून अजमावतां येतें. परंतु तो घरीं केव्हां येई, किती दिवस राही, आणि घरीं राहण्याचा त्याचा हक्क कोणत्या आधारावर उभा असे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः दूरच्या वाहतुकींत आयुष्य घालविणाऱ्या माणसाचें सुखदुःख ह्याच प्रश्नाशीं निगडित आहे. मजुरी किती मिळाली हें हिशेबाच्या वहींत सांपडतें. मूल चालूं लागलें तेव्हां बाप घरीं होता कीं नव्हता, हें वहींत सांपडत नाहीं.

प्रस्तुत लेखांत हा प्रश्न पुणें जिल्ह्यांतील शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांपुरता घेऊन पाहण्याचें योजिलें आहे. निवड सहेतुक आहे. घोडनदीच्या कांठचें शिरूर हें पुणें-अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) रस्त्यावर पुण्यापासून सुमारें ६७ किलोमीटरांवर वसलेलें आहे. भीमेच्या कांठचें दौंड हें लोहमार्गाचें मोठें जंक्शन असून त्याच्या दक्षिणेस पाटस-कुरकुंभावरून पुणें-सोलापूर महामार्ग जातो. लष्कर, तांडा, बैलगाडी, आगगाडी व मालमोटार ह्या पांचांचाही संबंध ह्या टापूशीं आला, आणि प्रत्येकींतील माणसाची घरीं परतण्याची रीत निराळी होती.

विषयास हात घालण्यापूर्वीं तीन शब्दांचा उलगडा करणें इष्ट आहे. कामावर नसण्यास मराठींत सुटी, रजा व खाडा असे तीन शब्द रूढ आहेत. सुटी म्हणजे सुटणें; काम सर्वांचेंच एकदम सुटतें, त्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. रजा हा शब्द अरबींतून फारसीच्या वाटेनें मराठींत आला. त्याचा मूळ अर्थ संमति, खुषी. दुसऱ्यानें दिल्यावांचून रजा होत नाहीं. खाडा म्हणजे जिचा पैसा कापला जातो अशी गैरहजेरी. ह्या लेखाचें प्रतिपाद्य इतकेंच कीं, ह्या टापूंतील दूरच्या वाहतूकदाराचें घरीं राहणें ही प्रथम बहुतांशीं सुटी होती, पुढें कांहींच्या बाबतींत ती रजा झाली, आणि मालमोटारीच्या काळांत बहुतेकांच्या बाबतींत तिचा खाडा झाला. हा पालट होत असतां विश्रांति व घर ह्या पूर्वीं एकत्र असलेल्या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या पडल्या.

२

जुनी व्यवस्था पावसानें ठरविलेली होती. शिवकालीन लष्कराचें वर्णन कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत जिंजी येथें लिहिलेल्या बखरींत केलें आहे. त्यावरून असें दिसतें कीं, पावसाळा लागतांच लष्कर स्वदेशीं छावणीस परत येई, तेथें दाणा-वैरण, औषधें व राहण्याच्या जागा आधींच सिद्ध असत, आणि दसरा होतांच तें पुन्हां मुलूखगिरीस बाहेर पडे. आठ महिने बाहेर व चार महिने देशांत असा हा नेम होता. तो कोणाच्या दयेवर अवलंबून नव्हता. पावसाळ्यांत नद्या भरत, काळ्या जमिनींतील वाटा चिखलानें बंद होत, आणि कुणबी शिलेदारास घरच्या शेताची ओढ असे. सरदार व शिपाई ह्या दोघांसही पाऊस सारखाच अडवी. म्हणून त्या मुक्कामास सुटी हेंच नांव शोभतें.

मालवाहतुकीसही हाच नियम लागू होता. इ. स. १८३० त बोरघाटांतून गाडीची सडक खुली झाली आणि त्यानंतरच्या दशकांत टेंभुर्णी येथें लेफ्टनंट गेसफर्ड ह्याच्या देखरेखीखालीं दोन बैलांची सुधारलेली गाडी बनूं लागली. त्यापूर्वीं देशावरचा माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून जाई. पुढें गाड्या वाढल्या तरी गाडीवान हा बहुधा कुणबीच राहिला. सुगी उरकल्यावर तो बैल जुंपून भाडें करी, व मृग लागण्यापूर्वीं घरीं येई, कारण तेच बैल पेरणीस हवे असत. शिरुराहून पुण्यास लादलेली गाडी नेण्यास तीन मजलांचा हिशेब धरावा लागे. येण्याजाण्यास व पेठेंत माल उतरण्यास मिळून आठवडा सहज मोडे. तरीही वाटेंत बैलांस चारापाणी व विसावा द्यावाच लागे, आणि बैलाच्या विसाव्यांत गाडीवानाचा विसावा आपोआप येई. पोळ्याच्या दिवशीं तर बैलांच्या खांद्यावर जूं ठेवणेंच निषिद्ध. जनावराची शक्ति हीच माणसाच्या श्रमाची मर्यादा होती.

वंजारी-लमाणांची गोष्ट ह्याहून निराळी. लष्करास धान्य पुरविणारे हे तांडे बायकामुलांसह हिंडत. तांडा उतरेल तेथें त्यांचें घर असे. पावसाळ्यांत कुरण पाहून ते तळ देत. त्यांच्यापुरता घरापासून दूर राहण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. वाट व घर एकत्र ठेवण्याचा हा एक जुना उपाय होता, आणि लोहमार्ग व सडका झाल्यावर ह्याच उपायाचा सर्वांत आधीं लोप झाला.

पावसाच्या ह्या नेमासही अंतराची मर्यादा होती, हें लक्षांत ठेवणें अवश्य आहे. मराठी फौजा नर्मदेपलीकडे जाऊं लागल्यावर आठ महिन्यांत जाऊन येणें अशक्य होऊं लागलें व छावण्या माळव्यांत आणि हिंदुस्थानांत पडूं लागल्या. इ. स. १७६० च्या मार्चांत परतुडाहून निघालेल्या सदाशिवरावभाऊंच्या फौजेनें तो पावसाळा दिल्ली व यमुनेच्या परिसरांत काढला. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर तिचा जो शेवट झाला तो सर्वश्रुत आहे. त्या पावसाळ्यांत फौजेस मुक्काम मिळाला नाहीं असें नव्हे. मिळाला तो घरचा नव्हता. दसरा होण्यापूर्वीं गांव पाहण्याचा जो नेम, तो अंतरानें मोडला. विश्रांति राहिली व घर सुटलें, ह्याचें हें पहिलें ठळक उदाहरण होय.

३

पावसाच्या नेमाबाहेरचा आणखी एक वर्ग पेशवाईंत आढळतो. राज्याचीं पत्रें नेणाऱ्या जासूद-काशिदांत दोन प्रकार होते. एक दरमहाचे चाकर. दुसरे अजुरदार, म्हणजे त्या एका खेपेपुरता अजुरा ठरवून पाठविलेले. पत्र ठरल्या दिवसांत पोंचलें तर पैसा अधिक, उशीर झाला तर कमी, असा करार अजुरदाराशीं होई. त्याच्या खेपेस ऋतु नव्हता. भर पावसांतही पत्र जावेंच लागे. एक खेप संपून दुसरी मिळेपर्यंतचा काळ त्याचा स्वतःचा असे. पण त्या काळांत त्यास पैसाही मिळत नसे.

मालाच्या बाबतींत हाच करार हुंडेकऱ्याच्या पेढीवर होई. वाटेवरील जकाती व वाहणावळ मिळून एकच रक्कम ठरवून माल मुक्कामीं पोंचविण्याचा मक्ता हुंडेकरी घेई. मालधनी व गाडीवान ह्यांच्यामध्यें तो उभा राहिल्यानें गाडीवानाचा संबंध मालधन्याशीं न राहतां खेपेशीं राहिला. हुंडेकरी हें नांव आजही नगर-पुणें भागांत आडनांवाच्या रूपानें टिकून आहे, व त्याचें काम ट्रान्सपोर्टच्या पेढीनें पुढें चालविलें आहे. अजुरदार व हुंडेकरी ह्या दोन संस्था येथें मुद्दाम नमूद केल्या आहेत, कारण मालमोटारीच्या ड्रायव्हराची स्थिति समजण्यास त्याच उपयोगीं पडतात.

४

रजा पाळीनें देण्याची पद्धति ह्या टापूंत पलटणींबरोबर आली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शिरूर येथें इंग्रजांच्या पुण्याच्या तैनाती फौजेची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगांवच्या वाटेनें निघाली ती ह्याच छावणींतून. इ. स. १८१७ त उभारलेल्या पूना हॉर्स ह्या रिसाल्याचेंही शिरूर हें दीर्घकाळ ठाणें होतें. कवायती फौज पावसाळ्यांत घरीं जात नाहीं. तिचें ठाणें बारमहा असतें. म्हणून शिपायांस थोडे थोडे करून, पाळीपाळीनें, ठराविक मुदतीची रजा देण्याची चाल पडली.

हा फरक वरवर लहान दिसला तरी मूलगामी आहे. शिवकालीन शिलेदार सर्वांबरोबर घरीं येई, तेव्हां गांवचे सण, लग्नें, पेरणी ह्या सर्वांत त्याचा वांटा असे. पलटणीचा शिपाई एकटा येई व त्याच्या रजेच्या मुदतींत जें कांहीं गांवांत घडत असेल तेवढेंच त्याच्या वांट्यास येई. तथापि त्याच्या रजेस दोन आधार होते: ती कागदावर लिहिलेली असे, आणि तो परत येईपर्यंत त्याची जागा कायम असे. हे दोन आधार पुढें लोहमार्गावर अधिक पक्के झाले.

५

डिसेंबर १८५८ त ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुणें-डिकसळ हा भाग सुरू झाला व दौंड लोहमार्गावर आलें. इ. स. १८७८ त दौंड-मनमाड मार्ग खुला झाल्यावर तें जंक्शन बनलें. बैलगाडीची लांब पल्ल्याची वाहतूक त्यामुळें क्षीण झाली. गाडीवानाचें काम पेठेपासून दौंड, केडगांव यांसारख्या स्टेशनापर्यंत आंखडलें, व तो पूर्वींपेक्षां अधिक वेळां घरीं निजूं लागला. दूरची खेप आतां इंजिनाकडे गेली.

परंतु लोहमार्गाची दूरची खेप व काशिदाची दूरची खेप ह्यांत एक मोठें अंतर आहे. मालगाडी मुंबईहून मद्रासेकडे जाई. तिच्यावरील ड्रायव्हर, फायरमन व गार्ड मात्र तेवढे दूर जात नसत. त्यांचा टप्पा ठरलेला असे. दौंडचा ड्रायव्हर आपल्या टप्प्याच्या टोंकापर्यंत गाडी नेई, तेथें ती दुसऱ्याच्या हवालीं करी, रनिंग रूममध्यें निजे, व दुसरी गाडी घेऊन दौंडास परते. माल पुढें जाई व माणूस मागें येई. लोहमार्गावरील नोकरास घर मिळालें तें प्रथम ह्या टप्प्याच्या रचनेमुळें. कायदा नंतर आला.

ह्या रचनेंतूनच मुख्यालय ही कल्पना निघाली. प्रत्येक गाडीवरील नोकराचें एक गांव ठरलेलें असतें व तो तेथें आहे कीं नाहीं ह्यावर त्याच्या विश्रांतीचा हिशेब होतो. वाफेच्या इंजिनांच्या काळांत रेल्वेच्या चाळीपर्यंत कॉलबॉय जाई, दार ठोठावून निघण्याची वेळ सांगे, व कॉल-बुकांत सही घेई. रात्रीं-अपरात्रीं येणारी ती हांक घरच्या माणसांस नकोशी वाटे ह्यांत नवल नाहीं. परंतु हांक मारण्यास दार लागतें, आणि दार म्हणजे घर. तें पत्त्यासह रेल्वेच्या दफ्तरांत नोंदलेलें होतें.

कायद्याची प्रगति मंद झाली. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुरोधानें हिंदुस्थानांत १९३० सालीं रेल्वेचा कायदा दुरुस्त होऊन १९३१ त कामाच्या तासांचे नियम झाले. परंतु धांवत्या गाडीवरील नोकर त्या पहिल्या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवण्यांत आले होते. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति राजाध्यक्ष ह्यांनीं १९४७ त दिलेल्या निवाड्यानें त्यांच्या प्रश्नास प्रथम नीट तोंड फुटलें. कामाचे तास हा ऑगस्ट १९७३ च्या लोको कामगारांच्या लढ्याचा मुख्य मुद्दा होता, आणि ८ मे १९७४ रोजीं सुरू झालेल्या देशव्यापी संपांतही त्यास स्थान होतें. २००५ च्या नियमांत असें ठरलें आहे कीं, गाडीवरील नोकरांस महिन्यांतून सलग ३० तासांच्या चार किंवा सलग २२ तासांच्या पांच विश्रांती मिळाव्या, प्रत्येकींत एक पूर्ण रात्र अंथरुणावर असावी, आणि ही विश्रांति मुख्यालयींच द्यावी. खेरीज आठ तास वा अधिक कामानंतर मुख्यालयीं १६ तास व परस्थळीं ८ तास असा भेद दीर्घकाळ रूढ आहे.

ह्या शेवटच्या दोन आंकड्यांकडे लक्ष देणें जरूर आहे. झोपेची गरज देहास सर्वत्र सारखीच. मग मुख्यालयीं दुप्पट तास कां? कारण घरीं मनुष्य केवळ झोंपत नाहीं. दळण, औषध, शाळा, सोयरीक, शेताचा बांध हीं कामें झोपेबाहेरचीं आहेत, व तीं परस्थळीं करतां येत नाहींत. रेल्वेच्या नियमांनीं ही गोष्ट आंकड्यांत मान्य केली. तरी वाद संपला नाहीं. २०२४ सालीं दक्षिण रेल्वेवरील चालकांच्या एका वर्गानें अशी मागणी लावून धरली कीं, मुख्यालयींचे १६ तास हे आठवड्याच्या ३० तासांत जिरवूं नयेत, ते निराळे मोजावे. वादाचा विषय काय हें पाहिलें म्हणजे पुरे: घरचा मुक्काम कसा मोजावा, ह्यावर भांडण आहे, तो मोजावा कीं नाहीं, ह्यावर नाहीं.

६

मालमोटारीचा इतिहास ह्याच्या उलट दिशेनें गेला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें ड्रायव्हराकडून घेण्याच्या कामास मर्यादा घातली: पांच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, आणि मूळ कलमाप्रमाणें दिवसास ९ व आठवड्यास ५४ तास. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसास ८ व आठवड्यास ४८ तास हा सामान्य नियम केला, दूर पल्ल्याच्या मार्गांवर तो १० व ५४ तासांपर्यंत वाढविण्याची मुभा ठेवली, आठवड्याची सुटी सांगितली, आणि वर्षांत २४० दिवस काम करणारास दर वीस दिवसांमागें एक दिवस पगारी रजा दिली. परंतु हा कायदा पांच वा अधिक कामगार असलेल्या धंद्यांपुरता होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्याच्या बाहेर राहिला, आणि मालमोटारींचा धंदा मुख्यतः अशा मालकांच्याच हातीं होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें तासांची मर्यादा सर्व ड्रायव्हरांस लागू केली. आठवड्याची सुटी व पगारी रजा मात्र त्या कलमांत आल्या नाहींत. १९६१ चा कायदा पुढें कामगारविषयक २०२० च्या संहितेंत विलीन करण्यांत आला.

ह्या सर्व कायद्यांत एक समान उणीव आहे. त्यांत तास मोजले आहेत, दिवस मोजले आहेत; ठिकाण मोजलेलें नाहीं. मुख्यालय हा शब्द मालमोटारीच्या ड्रायव्हरास लागू होत नाहीं. गुवाहाटीच्या बाजूस परतीच्या मालाची वाट पाहत गाडीखालीं सावलींत काढलेले तीन दिवस व शिरूर तालुक्यांत स्वतःच्या ओसरीवर काढलेले तीन दिवस हे कायद्याच्या दृष्टीनें सारखेच. दोन्हींत तो गाडी हांकीत नव्हता, एवढेंच कायदा पाहतो.

हा भेद किती स्पष्ट आहे हें एकाच रस्त्यावर दिसून येतें. १ जून १९४८ रोजीं राज्य परिवहनाची पहिली एस. टी. पुणें-अहमदनगर ह्या मार्गावर, म्हणजे शिरुरावरूनच, धांवली. उतारूंची वाहतूक सरकारनें हातीं घेतली व मालाची खासगी राहूं दिली. एस. टी. च्या चालकास आगार आहे. शिरूर व दौंड ह्या दोन्ही ठिकाणीं आगारें आहेत. तो वस्तीची गाडी घेऊन परगांवीं निजला तरी दुसऱ्या दिवशीं परत येतो, कारण गाडीच परत येते. त्याच रस्त्यावरून, त्याच वेगानें, कदाचित् त्याच गांवचा दुसरा मनुष्य मालमोटार घेऊन जातो, आणि तो केव्हां परतेल हें त्याच्या घरच्यांस सांगतां येत नाहीं.

१९७५ पासून राष्ट्रीय परवान्याची योजना सुरू झाली व खेपेची लांबी प्रांताबाहेर वाढली. अशा गाडीवर दोन ड्रायव्हर असावे व एकास निजण्यास मागें जागा असावी, असा नियम होता. हा नियम नोव्हेंबर २०१८ मध्यें काढून टाकण्यांत आला. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू होऊन राज्यांच्या सीमांवरील करनाक्यांवरचा खोळंबा कमी झाला, हें खरें. परंतु वांचलेला वेळ घरास मिळाला असें मात्र नाहीं, कारण वाहतूक खेपेच्या हिशेबानें चालते व वांचलेल्या वेळांत दुसरी खेप बसते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असणें आवश्यक केलें आहे. नियम स्वागतार्ह आहे. तथापि सुधारणेची दिशा ध्यानांत घेण्याजोगी आहे: केबिन अधिकाधिक निजण्याजोगी होत चालली, आणि घर होतें तेथेंच राहिलें.

७

आतां ह्या टापूंतील आजची रीत पाहूं. शिरूर तालुक्यांत रांजणगांव व दौंड तालुक्यांत कुरकुंभ येथें औद्योगिक वसाहती आहेत. न्हावरें व पाटस हीं साखर कारखान्यांचीं ठिकाणें आहेत. येथून माल भरला म्हणजे ड्रायव्हरास मालकाकडून वाटखर्चीस खर्ची मिळते. पगार दरमहा ठरलेला असला तरी खरी प्राप्ति खेपेमागच्या भत्त्यावर व खर्चींतून राखलेल्या शिलकीवर असते. माल उतरल्यावर परतीचें भाडें मिळेपर्यंत गाडी उभी राहते. रिकामी गाडी आणणें मालकास परवडत नाहीं. परतीचें भाडें थेट पुण्याकडचें मिळालें तर ड्रायव्हर आठवड्यांत येतो. तें तिसऱ्याच प्रांताचें मिळालें तर त्याचें गांव आणखी दूर जातें. हमालांच्या कामाचें नियमन करण्यास महाराष्ट्रांत १९६९ चा माथाडी कायदा झाला; ज्याची गाडी भरण्या-उतरण्यासाठीं खोळंबते, त्या ड्रायव्हराच्या खोळंब्याचा हिशेब कोठेंच होत नाहीं.

घरीं आल्यावरचा मुक्काम कसा ठरतो हेंही पाहण्यासारखें आहे. गाडी दुरुस्तीस गेली, पासिंगला लागली, वा कारखान्यांत माल नसला तर ड्रायव्हरास सुटल्यासारखें होतें. एरव्हीं त्यानें चार दिवस मागितले तर गाडी उभी ठेवावी कीं बदली ड्रायव्हर बसवावा, असा मालकापुढें प्रश्न येतो. बैल थकत असे, म्हणून मालक व गाडीवान दोघेही थांबत. मालमोटार थकत नाहीं, व तिच्या कर्जाचा हप्ता तर मुळींच थांबत नाहीं. म्हणून बदली बसतो, आणि परत आल्यावर आपली गाडी आपणांस मिळेल कीं नाहीं ही धास्ती ड्रायव्हर घरींही बाळगून असतो. त्याचा घरचा दिवस ही सुटी नव्हे, कारण धंदा चालूच आहे. रजा नव्हे, कारण जागेची हमी नाहीं. भत्ता बुडालेला असतो, म्हणून तो खाडाच होय. ज्यानें मालकाकडून आगाऊ उचल घेतली आहे त्यास तर खाड्याचीही मोकळीक उरत नाहीं. गाडी स्वतःची असलेला ड्रायव्हरही ह्यांतून सुटत नाहीं. तो स्वतःच स्वतःस रजा नाकारतो, कारण हप्त्याची तारीख त्यास ठाऊक असते.

कॉलबॉयचें काम आतां भ्रमणध्वनीनें केलें आहे. फरक इतकाच कीं, कॉलबॉय येण्यापूर्वीं किती तास झोंप झालेली असावी ह्याचा नियम होता. भ्रमणध्वनीस तसा नियम नाहीं. जेवणाच्या ताटावर भाडें आल्याची खबर येते व मनुष्य हात धुऊन उठतो.

ह्या टापूची एक विशेष गोष्ट अशी कीं, महामार्ग ड्रायव्हराच्या गांवावरूनच जातो. यवत, पाटस, शिक्रापूर, रांजणगांव येथील मनुष्य माल घेऊन दक्षिणेस वा उत्तरेस जातां-येतां आपल्या फाट्याजवळून जातो. गाडी कडेस लावून तासाभराकरितां घरीं जाऊन येणें, धुतलेले कपडे व डबा घेणें, मुलांस पाहणें, एवढा मुक्काम त्यास साधतो. हा तासभराचा मुक्काम कोणत्याच हिशेबांत नाहीं. त्या तासाभोंवतीं घरचीं माणसें मात्र आपला दिवस रचतात. दवाखान्याची खेप, सोसायटीच्या कागदावरील सही, देण्याघेण्याची बोलणीं त्यासाठीं राखून ठेवलेलीं असतात.

८

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा. घरचा मुक्काम तीन प्रकारांनीं सुरक्षित राहिला: पावसानें सर्वांस एकदम थांबविलें तेव्हां, तांड्यानें घरच बरोबर नेलें तेव्हां, आणि लोहमार्गानें टप्पे पाडून माणसास मागें फिरविलें तेव्हां. जेथें मनुष्य मालाबरोबर शेवटपर्यंत जातो व खेपेवर पैसा घेतो, तेथें तो मुक्काम निराधार होतो. अजुरदार काशीद व मालमोटारीचा ड्रायव्हर ह्या बाबतींत एकाच पंक्तीचे आहेत. तेव्हां केवळ तासांची मर्यादा कडक केल्यानें हा प्रश्न सुटणारा नाहीं. मनुष्य आपल्या गांवापासून किती दिवस दूर राहिला हें मोजलें पाहिजे, आणि शक्य तेथें टप्प्याची पद्धति आणिली पाहिजे. अलीकडे कांहीं कंपन्यांनीं सडकेवरही ड्रायव्हर बदलत माल पुढें नेण्याचा प्रयोग केलेला आहे. म्हणजे ही गोष्ट अशक्य कोटींतील नव्हे.

एका जुन्या दिवसाचा अर्थ ह्या कालांतरानें कसा उलटला हें येथें नमूद करण्याजोगें आहे. दसरा हा लष्करास घराबाहेर पडण्याचा दिवस होता. आज शिरूर-दौंडकडील ड्रायव्हर धडपडतो ती दसऱ्यास गाडी घरीं आणण्यासाठीं. खंडेनवमी-दसऱ्यास ती धुऊन, झेंडूच्या माळा घालून, घरच्या सवाष्णीनें तिची पूजा करावी, असा त्याचा हट्ट असतो. हत्यारांची पूजा म्हणून मालकासही गाडी त्या दिवशीं उभी ठेवणें मान्य असतें. माणसास जी सुटी मिळत नाहीं ती गाडीच्या निमित्तानें त्यास मिळते.

अशा विषयाचीं साधनें सरकारी दफ्तरांपेक्षां घरोघर अधिक आहेत. हुंडेकऱ्यांच्या चोपड्या, रेल्वेच्या चाळींत जपून ठेवलेलीं कॉल-बुकें, रनिंग रूमचीं हजेरीपत्रकें, ड्रायव्हरांच्या बिल्ट्या व खर्चीच्या वह्या हीं सर्व ऐतिहासिक साधनेंच होत. तीं रद्दींत जाण्यापूर्वीं जपलीं जावीं. आणि त्यांबरोबर एक साधन असें आहे कीं जें लिहिलेलेंच नाहीं: घरीं वाट पाहणाऱ्या स्त्रियांची आठवण. कोणत्या सणास तो होता व कोणत्या सणास नव्हता, हें त्यांस तिथीवार सांगतां येतें. शिरूर-दौंडकडील अभ्यासूंनीं तें आधीं टिपून घ्यावें, अशी ह्या लेखाच्या शेवटीं विनंति आहे.